दुसरं कोकरू

बंगळुरूहून होसूरच्या दिशेने निघालं आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की आनेकल तालुक्यातली गावं लागतात. बोम्मसंद्र, चंदापुरा, अत्तिबेले. इथल्या कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. रविवारी मटण आणायला बाहेर पडलेल्या मराठी माणसाला या भागातल्या दुकानांच्या पाट्यांवर एक नाव हटकून भेटतं, बन्नूर. मटण बन्नूरच्या मेंढीचं आहे एवढं सांगितलं की दुकानदाराला पुढे फारसं बोलावं लागत नाही.

बन्नूर हे म्हैसूर जिल्ह्यातलं गाव. त्याच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी मंड्या, मळवळ्ळी या पट्ट्यातली. बुटकी, आखूड पायांची, रुंद पाठीची, मागच्या मांड्या गच्च भरलेल्या. अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. मांसात चरबीची बारीक जाळी असते आणि चव तिथेच आहे, असं खाणारे सांगतात. ही मेंढी कर्नाटकात नावाजलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या रक्ताचा एक अंश सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये, आपल्या काळ्या दख्खनी मेंढीत मिसळला गेला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. तो का मिसळला, हे समजून घ्यायचं तर आधी धनगराच्या वाड्याचा, म्हणजे मेंढ्यांसह फिरणाऱ्या तळाचा, हिशेब पाहावा लागतो.

दख्खनी मेंढी ही दुष्काळी मुलखाची. माण, खटाव, फलटण, सांगोला, जत, संगमनेर. लोणंदच्या बाजारात उतरणारी ती लोणंदी, अशी तिची स्थानिक रूपंही आहेत. दिवसाला कोसच्या कोस चालायचं, काटेरी झुडपांवर आणि कापणी झालेल्या रानावर पोट भरायचं आणि दिवाळीच्या सुमाराला वाड्याबरोबर घाट उतरून कोकणाकडे जायचं, यासाठीच ती घडली आहे. पूर्वी तिच्यापासून तीन गोष्टी मिळत. घोंगडीसाठी लोकर, शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे, आणि विकायला कोकरू. घोंगडीचा ग्राहक घटला तशी जाड काळ्या लोकरीची किंमत इतकी उतरली की कातरणीची मजुरीही सुटेना. मेंढ्या बसवण्याचा पैसा हंगामापुरता. राहिलं कोकरू. आणि दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. ते एक लांडग्याने नेलं, जंताने गेलं किंवा आंत्रविषाराने एका रात्रीत आडवं झालं, तर त्या मेंढीचं ते वेत फुकट जातं. तिला चारलं, चालवलं, राखलं, आणि विकायला काहीच नाही.

या हिशेबावर फलटणच्या निंबकरांनी बोट ठेवलं. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. त्यांच्या आई कमलाबाई जन्माने अमेरिकन, भारतात व्यवसायोपचाराचा पाया घालणाऱ्या. पत्नी जाई निंबकर लेखिका, इरावती कर्वे यांच्या कन्या. अशा घरातला माणूस शहरात रमला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं. बनबिहारी तालुक्याच्या गावी राहिले आणि करडई, कापूस, ऊस, शेळ्या-मेंढ्या यांत आयुष्य घातलं. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते गेले. मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी पुढे नेलं आणि अनेक वर्षं सांभाळलं. माझ्या मते या कामाची खरी थोरवी त्याच्या मुदतीत आहे. एका तालुक्यात, एकाच प्रश्नावर, तीन दशकं. सरकारी प्रकल्पाचं आयुष्य तीन-पाच वर्षांचं असतं, आणि मेंढीची एक पिढी उभी करून तिचं वेत बघेपर्यंतच दोन वर्षं निघून जातात.

जास्त कोकरं देणारी मेंढी आणायची कुठून? ती भारतातच होती, पण दुसऱ्या टोकाला. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी असते. पूर्ण वाढलेली मादी दहा-चौदा किलोची, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या कोकराएवढी. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, आणि जुळी-तिळी देणं तिच्यात नित्याचं. प्रदीप घळसासी आणि बनबिहारी निंबकर यांनी १९९३ मध्ये या चिमुकल्या मेंढीवर निबंध लिहिला आणि गारोळ फलटणच्या कोरड्या हवेत दाखल झाली.

गारोळीची गोष्ट इथे दोनशे वर्षं मागे जाते. ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात वसाहत केली तेव्हा तिकडे मेंढ्या नव्हत्या. खाण्यासाठी जनावरं हवी होती. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजांनी बंगालच्या मेंढ्या सिडनीला गेल्या. नंतर मेरिनो आली, लोकरीचा व्यापार फोफावला आणि बंगालच्या मेंढ्या त्या कळपांत विरघळून गेल्या. त्यांची आठवणही उरली नाही. विसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ ‘बुरुला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंनी आपल्या मेरिनो कळपातल्या जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या वेगळ्या राखायला सुरुवात केली. मेरिनोत असं सहसा घडत नाही. १९५८ मध्ये त्यांनी एका वेताला जन्मलेल्या पाच कोकरांपैकी एक नर सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला दिला. तिथल्या हेलन न्यूटन टर्नर यांनी पुढे जुनी कागदपत्रं चाळून या गुणाचं मूळ त्या बंगाली मेंढ्यांपाशी असावं, असा धागा मांडला.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा गुण अनेक जनुकांच्या बारीकसारीक परिणामांची बेरीज नाही. तो एकाच जनुकाचा आहे. पशुपैदाशीत ही मोठी बातमी होती. दूध, वजन, लोकर असे बहुतेक गुण शेकडो जनुकांत विखुरलेले असतात आणि ते बदलायला पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. एकच जनुक असेल तर ते एका जातीतून दुसऱ्या जातीत हलवता येतं. त्याला फेक-बी हे नाव पडलं. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे तो नेमका बदल शोधला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-१बी नावाचं जनुक आहे. त्यात अॅडेनीनच्या जागी ग्वानीन आलेलं. एवढाच फरक. पुढच्याच वर्षी वेगवेगळ्या देशांतल्या बहुप्रसव मेंढ्या तपासल्या तेव्हा गारोळीत तोच बदल सापडला. दोनशे वर्षांपूर्वी हुगळीतून जहाजावर चढलेल्या मेंढ्यांचा माग जनुकातून लागला.

हा बदल करतो काय? मेंढीच्या बीजांडकोशात दर माजाला अनेक बीजपुटिका वाढू लागतात. सर्वसाधारणपणे त्यांतली एक पुढे सरकते आणि बाकीच्या मागे पडून विरून जातात. फेक-बी असलेल्या मेंढीत पुटिका लहान आकारातच पिकतात. प्रत्येकीतल्या पेशी कमी असतात, त्यामुळे एकीने बाकीच्यांना दाबण्याआधीच दोन-तीन तयार होतात. जनुकाची एक प्रत आली की बीजांची संख्या वाढते, दोन आल्या की आणखी वाढते. दख्खनी संकरात एका प्रतीने वेताची सरासरी एकावरून दीडच्या आसपास जाते. म्हणजे काही मेंढ्यांना जुळी, काहींना एकच. धनगराला हेच प्रमाण झेपतं, असं फलटणच्या लोकांचं मत झालं, आणि ते का, हे पुढे सांगतो.

गारोळ आणि दख्खनी यांचा सरळ संकर करून काम भागणार नव्हतं. संकरित कोकरू लहान निघे. धनगर मेंढा निवडतो तो उंची, लांबी आणि पायांवरून. वाड्याबरोबर रोजची मजल न मारू शकणारा मेंढा त्याच्या काय कामाचा? म्हणून गारोळीचं फक्त ते एक जनुक ठेवायचं आणि बाकीचं शरीर मोठ्या जातीचं करायचं, असा मार्ग धरला. प्रत्येक पिढीत ज्या कोकराकडे फेक-बी आहे तेच निवडायचं आणि पुन्हा मोठ्या जातीच्या मेंढीशी लावायचं. इथे बन्नूर आली. मांसाला भरीव, बांधा गच्च. पुढे अंगमांस आणि दूध वाढवायला पश्चिम आशियातली अवासी जातही वापरली. या सगळ्यातून जी मेंढी उभी राहिली ती नारी सुवर्णा. आज कर्नाटकातही तिचे कळप आहेत. बन्नूरचा अंश फलटणला जाऊन, सुंदरबनचं जनुक घेऊन, परत कर्नाटकात आला.

या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत जनुकाचा पत्ता लागलेला नव्हता. मग कोणत्या कोकराकडे ते आहे हे ओळखायचं कसं? मादीच्या पोटाला छोटं छिद्र घेऊन दुर्बिणीने बीजांडकोश पाहायचा आणि किती बीजं सुटली ते मोजायचं. नराची तर त्याच्या मुली वयात येईपर्यंत परीक्षाच नाही. २००१च्या शोधानंतर हे चित्र पालटलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटाने रक्ताच्या नमुन्यावरून तपासणी सुरू केली, आणि कोकरू लहान असतानाच कळू लागलं. ऑस्ट्रेलियाचं न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि तिथल्या सरकारची कृषी संशोधन संस्था एसीआयएआर हे या कामातले सहकारी. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात फेक-बीवर परिषद भरली आणि तिचा वृत्तान्त ग्रंथरूपाने निघाला. जगात या जनुकावर काम करणाऱ्यांना फलटणचं नाव तेव्हापासून चांगलंच माहीत आहे. महाराष्ट्रात मात्र कितीतरी पशुपालकांनी ते ऐकलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

या प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीच्या हेतूंत जंतही होते. मेंढीच्या जठरात रक्त शोषणारा हिमॉन्कस नावाचा जंत राहतो. पावसाळ्यात तो बळावला की मेंढी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी धरते आणि मरते. दख्खनी आणि बन्नूर कोकरांची त्यांच्या गारोळ संकरांशी तुलना करणारा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की गारोळीचं रक्त असलेली कोकरं वाढीत मागे पडतात, पण जंतांना जास्त दाद देत नाहीत. पाणथळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मेंढीकडून हे येणं साहजिकच.

आता दुसऱ्या कोकराकडे येऊ. संशोधनाचा अवघड भाग तिथून सुरू होतो.

मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. पोटातल्या कोकराची जवळपास सत्तर टक्के वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. दख्खनी मेंढ्या बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाला, नवा हिरवा चारा आला की माजावर येतात आणि दसरा-दिवाळीनंतर वितात. म्हणजे वाडा रस्त्यावर असताना, मुक्काम रोज नव्या शेतात असताना. पोटात दोन कोकरं असलेल्या मेंढीला त्या दीड महिन्यात जास्त ऊर्जा लागते, आणि मोठं झालेलं गर्भाशय जठराला जागाच ठेवत नाही, म्हणून ती कमी खाते. चालणं चुकत नाही. खुराक मिळाला नाही तर अंगातली चरबी इतक्या वेगाने वितळते की मेंढी विषबाधा झाल्यासारखी बसून राहते. त्यातून निभावली तरी दोन्ही कोकरं हलकी निघतात.

कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्यं नसतात. मेंढीच्या वारेतून ती आईकडून पोटातल्या कोकरात जात नाहीत. ती चिकातून मिळतात आणि तीही पहिल्या काही तासांतच शोषली जातात. एक कोकरू असेल तर ते आपोआप पितं. दोन असतील तर जोरदार असलेलं आधी पितं आणि दुसरं थंडीत तसंच पडून राहतं. अशा वेळी माणूसच लागतो. पहाटेच्या गारठ्यात वाड्यात जाऊन, दुसऱ्या कोकराचं तोंड सडाला लावणारा. हे काम बहुधा बाई करते. वाड्यात चार-दोन शेळ्या असतात त्या याच कामाच्या. मेंढीला दूध कमी पडलं तर कोकराला शेळीला पाजतात. जुळ्यांच्या यशाबद्दल बोलताना या बाईचा आणि या शेळीचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या दृष्टीने जनुकाइतकाच हिशेब त्यांचाही आहे.

म्हणूनच फलटणच्या संस्थेने मेंढे वाटून विषय संपवला नाही. मेंढपाळांच्या कळपांत नर दिले, कोकरांना बिल्ले लावले, वजनं घेतली, किती जगली ते नोंदलं. जुळ्यातलं प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलकं राहतं, हे खरंच. पण दोघांचं मिळून वजन जास्त होतं आणि धनगराच्या पदरात जास्त पडतं. ज्या कळपांत गाभण मेंढीला थोडा मका किंवा पेंड मिळाली, लसी वेळेवर झाल्या, तिथे फायदा ठळक. जिथे नाही, तिथे दुसरं कोकरू जन्मून मेलं आणि आईचीही ताकद घेऊन गेलं. आंत्रविषार, पीपीआर, देवी यांच्या लसी आपल्याकडे आहेत. पुण्याला औंधमध्ये लसी बनवणारी सरकारी संस्था आहे. प्रश्न त्या वेळेवर, फिरत्या वाड्यापर्यंत पोचण्याचा आहे.

यापूर्वीही मेंढी सुधारण्याचे प्रयत्न झालेच होते. दख्खनी मेंढीत मेरिनो आणि रॅम्बुये यांचं रक्त मिसळून बारीक लोकर मिळवायची, असे संकर राहुरीसारख्या ठिकाणी करून पाहिले गेले. शेतावर आकडे बरे दिसले, पण वाड्यात ते रुजलं नाही. पांढऱ्या बारीक लोकरीच्या मेंढीला आपलं ऊन, काटे आणि रोजची चाल सोसत नाही, आणि लोकर विकायला गिरणी जवळ नाही. हे काम करणारी माणसं कमी हुशार नव्हती. प्रश्न कुठला, हे धनगराला विचारून ठरवलेलं नव्हतं, एवढंच. याच्या उलट टोकाला माडग्याळ. जत तालुक्यातली, उंच, लांब, बाकदार नाकाची तांबडी-पांढरी मेंढी. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्यावर ७० लाखांची बोली लागल्याची बातमी आली होती. रूप आणि हौस यांची किंमत इतकी चढते, आणि ज्या मेंढ्याच्या मुली दीडपट कोकरं देतील त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं, कारण त्याचा गुण अंगावर दिसत नाही. मेंढ्याकडे पाहून फेक-बी ओळखता येत नाही.

राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने हाच मार्ग धरून, गारोळीचं जनुक मालपुरा आणि पाटणवाडी जातींत आणून, अविशान ही मेंढी तयार केली आणि २०१६ मध्ये ती प्रसारित केली. म्हणजे फलटण आता एकटं नाही.

परत होसूर रस्त्यावर येतो. याच रस्त्यावर शहराच्या आतल्या टोकाला, आडुगोडीत, राष्ट्रीय पशु पोषण आणि शरीरक्रिया विज्ञान संस्था आहे, १९९५ मध्ये स्थापन झालेली. सीमा ओलांडून होसूरला गेलं तर मत्तिगिरीचा पशुपैदास मळा, १८२४ मध्ये लष्करी घोड्यांसाठी सुरू झालेला. आडुगोडीच्या संस्थेचा विषय साधा आणि पायाभूत आहे. जनावराच्या पोटात काय जातं आणि त्याचं काय होतं. कोणत्या भागातल्या चाऱ्यात कोणतं खनिज कमी आहे हे पाहून त्या-त्या भागासाठी क्षारमिश्रण ठरवणं हे तिथलं गाजलेलं काम. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून बनवलेलं ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तिथलंच. त्याने जनावराच्या पोटातून निघणारा मिथेन सतरा ते वीस टक्क्यांनी घटतो. फलटणच्या जनुकाचा प्रश्न आणि आडुगोडीच्या चाऱ्याचा प्रश्न हे एकाच मेंढीचे दोन प्रश्न आहेत. दुसरं कोकरू जनुकाने जन्मतं, जगतं ते चाऱ्याने.

आणि चारा कुठे आहे? आनेकल तालुका एके काळी नाचणीचा. नाचणीचा कडबा हा या भागातल्या गुरांचा मुख्य सुका चारा, आणि गावागावांत गोमाळ, म्हणजे आपल्याकडची गायरानं. आता जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले इथे औद्योगिक वसाहती आहेत, नाचणीच्या शेतांवर प्लॉट पडले आहेत आणि गोमाळांवर वाद. बन्नेरघट्टाच्या जंगलाकाठच्या गावांत अजून मेंढ्या-शेळ्या चरताना दिसतात, पण जंगल राखीव आहे. फलटणच्या बाजूला निरेच्या कालव्याखाली ऊस आहे, त्यापलीकडे कोरडं रान, आणि तिथेही मोकळी जमीन दर वर्षी घटते. २०१९च्या पशुगणनेत देशात ७.४३ कोटी मेंढ्या मोजल्या गेल्या. कर्नाटकात एक कोटी अकरा लाख, महाराष्ट्रात सत्तावीस लाखांच्या आसपास. एवढ्या मेंढ्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिची मोजणी मात्र मेंढपाळाच्या बाजूने कुणी करत नाही. बिरोबाचा धनगर आणि कर्नाटकातला बीरप्पाचा कुरुब मेंढपाळ, दोघांचीही अडचण एकच आहे.

महाराष्ट्रात २०१७ पासून महामेष योजना आहे. वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट, पंचाहत्तर टक्के अनुदानावर. यातला एक मेंढा हा फार मोलाचा आहे. त्याच्याकडे फेक-बीच्या दोन्ही प्रती असल्या तर साध्या दख्खनी मेंढ्यांपासून होणाऱ्या त्याच्या प्रत्येक मुलीकडे एक प्रत जाईल, म्हणजे हवी तेवढीच. पण पुढच्या पिढीत घरचाच नर घरच्याच मादीवर गेला की गणित फिसकटतं. चारांत एक मादी दोन प्रतींची निघते आणि तिला तिळी-चौळीही होऊ शकतात, जी फिरत्या वाड्यात जगवणं जवळजवळ अशक्य. चारांत एक पुन्हा साधी निघते. साधा नर लावला तर निम्म्या मुलींतून जनुक गळून जातं. त्यामुळे दर पिढीला तपासलेला नर हवा. अनुदानात वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक मेंढ्याची फेक-बी तपासणी व्हावी आणि तिचा निकाल त्याच्या बिल्ल्याच्या क्रमांकासोबत मेंढपाळाच्या हाती लेखी पडावा, असं मला वाटतं. त्याचबरोबर विण्याआधीच्या दीड महिन्यासाठी खुराकही त्याच योजनेत बसवावा, नाहीतर दीडपट कोकरांचा आकडा कागदावर राहील. तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. ते घेणाऱ्याने दसऱ्याआधी मेंढपाळाच्या गावी पोचायला हवं. त्यानंतर वाडे हलतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत कोणता कळप कोणत्या तालुक्यात आहे, हे फक्त त्या वाड्यालाच माहीत असतं.